तडी

मागच्या आठवड्यात एका सकाळी दूध घालायला आलेला बसलिंग दारातूनच म्हणाला, "आज्जी, नंदीची पाठ दिसाय लागली." पातेलं धरलेला माझा हात जरा खाली गेला आणि दूध उंबऱ्यावर सांडलं. बसलिंगनं ते बघितलं, मीही बघितलं, आणि दोघांनीही काही बघितलंच नाही असं केलं.

आमच्याकडं उन्हाळा कॅलेंडरावर कळत नाही. मुरुमच्या बाजारात कलिंगडांचे ढीग लागले म्हणूनही कळत नाही, ते हल्ली थंडीतही लागतात. आमचा उन्हाळा तळ्यावर कळतो. तळ्याच्या पोटात जुनं गाव आहे. तळं बांधलं तेव्हा माणसं, भांडी, जनावरं, देवळातली पिंड असं सगळं वरच्या अंगाला आणलं. नंदी मात्र आणता आला नाही. दोर लावले, बैल लावले, तो जागचा हलला नाही. शेवटी पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं आणि लोक हात जोडून मागं फिरले. तेव्हापासून तो आपल्या खळग्यात, पुढच्या अंगानं खचून, पाण्याखाली बसून आहे, आणि दर उन्हाळ्यात हळूहळू वर येतो. पाठ दिसली की उन्हाळा. मान दिसली की टंचाई. तोंड दिसलं की गावातली माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलायला लागतात.

यंदा पाठ दिसली आणि तिच्या मागोमाग मान आली. मध्ये जरा दम घ्यावा, तेवढाही त्यानं घेतला नाही.

पाणी हटलं की जो वास सुटतो तो मी आंधळी झाले तरी ओळखीन. ओल्या मातीचा वास म्हणून लोक ज्याचं कौतुक करतात तो हा नव्हे. हा खूप दिवस झाकून ठेवलेल्या भांड्याचा वास आहे. मेलेले मासे, शेवाळ, शिंपले, कुजलेल्या बाभळीची खोडं. आणि या सगळ्यावर, कुणी मुद्दाम अत्तर शिंपडावं तसा, वाळकांचा गोड वास. उघड्या पडलेल्या गाळात आमच्याकडं पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. वाळूक, काकडी, टरबूज, कडेला जनावरांसाठी थोडी मका. पाणी जसं मागं सरकतं तसे वेल त्याच्या मागं मागं पळतात. लहानपणी येडशीला, माझ्या माहेरी, डोंगर आणि रामलिंगाची झाडी होती. तिथली जमीन पायाखाली जमिनीसारखी वागायची. इथं सासरी येऊन पहिल्यांदा कळलं, की जमीनसुद्धा वर्षातले काही महिने उसनी मिळते.

तळ्याच्या मधोमध एक टेकडी आहे. तिच्या कमरेला काळ्या दगडात कोरलेल्या तीन खोल्या आहेत, पायथ्याला देवळाचे खांब आणि वेशीची अर्धी कमान. तळं भरलं की पाणी कमानीवरून जातं आणि टेकडीचं बेट होतं. समुद्र आम्ही कॅलेंडरच्या चित्रात बघणारी माणसं. पण आपल्या मालकीचं एक बेट आहे, त्याच्या किनाऱ्यावर पडकी कमान आहे, आत लेणी आहेत, याचा मला नवी नवरी असताना भारी गर्व होता. जणू ते माझ्या हुंड्यातच आलं होतं.

त्या नवरीची गंमत सांगितली पाहिजे. मी तिला ओळखते, त्यामुळं तिची बाजू घेणार नाही.

धाराशिवच्या कॉलेजात तिनं बी.ए.ला इतिहास घेतला होता आणि तो अर्ध्यात टाकून लग्न केलं होतं. त्यामुळं जेवढा इतिहास आला नाही तेवढा सगळा तिच्या बोलण्यात होता. कुठलाही काळा दगड दिसला की ती तो यादवकालीन ठरवायची. मागच्या अंगणातला पाटासुद्धा तिनं यादवकालीन ठरवला होता. सासूबाई त्यावर निवांत शेंगाची चटणी वाटायच्या. पायात टाचेच्या चपला, डोळ्यांवर चुलतभावानं दिलेला रंगीत काचांचा चष्मा. घराच्या माळवदावर चढायलाही ती तोच चष्मा लावायची. आणि तिनं सासरी पाऊल टाकताना एक निश्चय केला होता: कानडी शिकायचं नाही.

आमच्या घरात मराठी बाहेरच्यांशी आणि कानडी आपसांत. सासूबाईंना सगळं गाव अव्वा म्हणायचं, म्हणजे आई. अव्वा माझ्याशी मराठी बोलायच्या, पण घाई झाली, राग आला, प्रेम आलं की कानडीत उतरायच्या. मला ती भाषा म्हणजे फडताळातली भांडी एकदम कोसळल्यासारखी वाटायची. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवशी अव्वांनी मला वाढताना दुसरी भाकरी हातात धरून विचारलं, "साक?" मला वाटलं, साखर विचारतायत. माहेरी गुळाची सवय. साखर विचारणारी सासू मिळाली म्हणून मी हरखून जोरात मान हलवली. अव्वांनी भाकरी परत टोपलीत ठेवली आणि पुढच्या पानाकडं गेल्या. साक म्हणजे पुरे का, हे मला चौथ्या जेवणाला कळलं. तोवर ही सून खातच नाही म्हणून अव्वा शेजारणीकडं काळजी करत होत्या आणि सून माजघरात कोरड्या शेंगा खात रडत होती.

एवढं होऊनही कानडी शिकायचं नाही ते नाहीच.

तर यंदा नंदीची मान दिसली त्याच आठवड्यात माझी नात शिवानी पुण्याहून आली. आल्या आल्या मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आज्जी, हे आपलं तळं आहे?" कुणीतरी आकाशातून चित्रण करून टाकलं होतं. वरून तळं म्हणजे आटत आलेला निळा डोळा, मधे टेकडीची काळी बाहुली. खाली कसलंसं संगीत. वरून सगळी जमीन सारखीच दिसत होती. तडे गेलेली, कुरकुरीत, ताटातल्या पापडासारखी.

"हे इतकी वर्षं इथं होतं आणि तू मला दाखवलं नाहीस?"

"ते दाखवून घेत नाही. पाणी असतं."

"आता नाहीये ना."

संध्याकाळी तिच्या बापाचा फोन आला. "आई, ती हट्ट करेल. तिकडं पाठवू नकोस. तुला माहितीय तिथलं."

मी बरं म्हणाले. पलीकडं खुर्चीत बसलेले आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बरं म्हणतीय, पण ही आडवणार न्हाय. हीच पुढं होऊन जाणार."

इतक्या वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी ओळखतोच. पण माझा हिशेब साधा होता. पोरगी अडवली असती तर ती एकटी गेली असती, मोबाइलमधलं ते आकाश हातात धरून. त्यापेक्षा माझ्याबरोबर गेलेली बरी. तिला नेणं आणि तिला परत आणणं, ही माझी यंदाची गाळपेर.

सकाळी ऊन तापायच्या आत निघालो. कडेच्या बाभळींवर एकही पक्षी नव्हता, ही गोष्ट मला आवडली नाही. एरवी बगळ्यांची पांढरी वसाहत असते. फक्त एक टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. शिवानी म्हणाली, "किती गोड." टिटवीला गोड म्हणणारं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

बसलिंग त्याच्या वाळकांच्या वाफ्यात वाकलेला होता. शिवानी चित्रण करत पुढं गेली. तो कंबर धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आज्जी, जुन्या दगडी वाटेनं जाऊ नगा. गेल्या उन्हाळ्यात गाळ न्यायला मशीन आली हुती, नंदीपसून काठापतोर समदी वाट उकरून ठिवलीय. मागनं पाणी साचलं, आता वरून वाळलंय. बघितलं तर जिमीन, पाय टाकला तर राबडी. मेंढरं गेल्यात त्या वाटेनं जावा, लेंड्या बघत."

"आणि नंदीच्या पुढं?"

"पुढं टेकडीपतोर दगड हाय तसाच हाय." मग जरा थांबून म्हणाला, "लई येळ लावू नगा तिकडं. यंदा तळं बरं न्हाय."

तळं बरं नाही. जसं घरातलं कुणी बरं नसावं.

मी हाक मारून शिवानीला लेंड्यांच्या वाटेवर घेतलं. ती नाक मुरडत आली. का, हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगत बसले नाही, कारण तोवर मी माझ्या गोष्टीत शिरले होते. मला गोष्ट सांगायला मिळाली की मला बाकीचं दिसत नाही. ही खोड जुनी आहे.

"इथूनच गेली होती ती टवळी," मी म्हणाले. "टाचेच्या चपला घालून."

"कोण?"

"तुझी आज्जी."

शिवानी हसली आणि मोबाइल खिशात ठेवून माझ्याजवळ आली.

त्या उन्हाळ्यात नंदीचं तोंड दिसलं होतं. अव्वांनी काठाला वाळूक लावलं होतं आणि राखणीला वेलांत एक बाज टाकली होती. मला त्या रोज बरोबर न्यायच्या. मी बाजेवर बसून टेकडीकडं बघायचे. लेणी बघायची आहेत म्हटलं की अव्वा म्हणायच्या, "काय बघतीस तिथं? आमची चूल होती, ती बघून झाली." पाण्याखालच्या त्या जुन्या गावातच त्या नांदायला आल्या होत्या. पाणी चढलं तेव्हा त्यांनी चुलीतली राख भरून आणली होती म्हणे, विस्तव विझलेला होता तरी. त्या टेकडीकडं पाठ करूनच खुरपायच्या. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. इतिहासाकडं अशी पाठ करतात का?

एका दुपारी त्यांचा डोळा लागला आणि मी उठले. दगडी वाटेनं नंदीपर्यंत गेले, तिथून टेकडीवर. जाताना काही झालं नाही. मुळात जाताना कुणाला काहीच होत नाही. लेण्यात गेले, खांबाला हात लावून यादवकालीन म्हणाले, आवाज घुमला, मीच घाबरले आणि खाली आले. परतताना नंदीपाशी बघते तो दगडी वाट कोपरासारखी वळून लांबून जाणारी, आणि अव्वांची बाज समोर नाकाच्या रेषेत. मधे सपाट, तडे गेलेली जमीन. ऊन असं, की चष्म्यातूनसुद्धा पांढरं दिसत होतं. मी दगड सोडला.

काठावर अव्वा उठून उभ्या राहिल्या होत्या. दोन्ही हात वर करून ओरडत होत्या, "तडी, तडी."

"म्हणजे?" शिवानीनं विचारलं.

"तेच तर. मराठीत तडी म्हणजे काठ. मला वाटलं, काठाकडं ये म्हणतायत, लवकर काठ गाठ. त्यांना वाटलं मी उशीर करतेय, म्हणून रागावल्या असतील. म्हणून मी पळायला लागले. मी पळतेय म्हटल्यावर त्या आणखी जोरात ओरडायला लागल्या. तडी, तडी. आणि मी आणखी जोरात पळायला लागले."

"आणि कानडीत?"

"कानडीत तडी म्हणजे थांब."

शिवानी चालता चालता थांबली. हसावं की नाही, हे तिला ठरवता येईना. मलाही इतक्या वर्षांत नीट ठरवता आलेलं नाही.

गाळ ओढत नाही. लोक सांगतात तसं काही नसतं. तो फक्त सोडत नाही. वर पापडी गरम होती, तिच्याखाली लोण्यासारखं काहीतरी कोमट, आणि त्याच्याही खाली थंड. इतकं थंड, की त्या उन्हात माझे दात वाजले. एक पाय काढायला जावं तर दुसरा आत. पोटऱ्या, गुडघे, मांड्या. मी त्या काळच्या सवयीनं पहिल्यांदा चष्मा सांभाळला. मग कमरेपर्यंत गेल्यावर आवाज बंद झाला. ओरडायचं होतं, पण छाती दाबल्यासारखी झाली होती. आजूबाजूला काहीही हलत नव्हतं. नंदी माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत पाणी होतं आणि त्या पाण्यात एक बारीक मासा फिरत होता. बाकीचं सगळं आता धूसर झालंय, तो मासा तेवढा झालेला नाही.

अव्वांनी बाज ओढत आणली, गाळावर आडवी टाकली आणि तिच्यावर पोटावर पडून सरकत आल्या. लुगड्याचा पदर माझ्या काखेतून घातला. त्यांचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. किती वेळ लागला, सांगता येत नाही. शेवटी बाजेवर आले तेव्हा डावी चप्पल नव्हती.

काठावर बसल्यावर अव्वा म्हणाल्या, "तडी म्हणलं की थांबायचं."

आणि कमरेखाली काळीशार झालेली, एका पायात टाचेची चप्पल घातलेली ती इतिहासाची विदुषी म्हणाली, "मग मराठीत सांगायचं ना."

अव्वा माझ्याकडं बराच वेळ बघत होत्या. परत ढकलून द्यावी का, याचाच विचार करत असाव्यात. मग उठल्या आणि वाळकं तोडायला लागल्या. त्या दिवसापासून मी कानडी शिकायला लागले. पहिला शब्द अर्थातच तो. दूध उतू जायला लागलं की अव्वा ओरडायच्या, तडी. माझ्या हातातलं मीठ आमटीवर गेलं की तडी. दाराशी बैल आला की बैलालाही तडी. बैल माझ्याआधी थांबायचा.

"म्हणून सांगते," मी शिवानीला म्हणाले, "या तळ्यात एकच नियम. पायाखालचा दगड सोडायचा नाही. दगड कितीही लांबून नेऊ दे."

हे मी किती रंगवून सांगितलं. हात हलवून, आवाज बारीक करून. त्याच क्षणी आम्ही लेंड्यांवरून चालत होतो, दगडावरून नव्हे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

नंदीपाशी पोचलो तेव्हा त्याचं तोंडही उघडं पडलं होतं. नाकपुडीपर्यंत. बसलिंगनं हे सांगितलं नव्हतं. की कालपर्यंत पडलं नसेल. शिवानीनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "गार आहे," ती म्हणाली. उन्हं चांगलीच वर आली होती.

कमानीच्या दगडांवर शिंपले चिकटले होते. देवळाच्या खांबांवर पाण्याच्या रेघा, एकीवर एक, वर्षं मोजल्यासारख्या. टेकडीची चढण तशी लहान, पण माझे गुडघे आता स्वतंत्र विचाराचे झालेत. मी एक पायरी चढले की ते दोघं आपसांत चर्चा करतात. शिवानी वर जाऊन लेण्याच्या दारात उभी राहिली. मला ती खालून काळी दिसत होती, तोंड नसलेली. मी हाक मारली.

"काय गं?"

"आज्जी, तू ये आधी."

बाहेरच्या खोलीत वटवाघळांचा वास. मधल्या खोलीत अंधार. आतल्या खोलीत, जिथं पाणी सगळ्यात शेवटी शिरतं आणि सगळ्यात शेवटी निघतं, तिथं भिंतीशी एक ढीग होता. शिवानीनं मोबाइलचा उजेड टाकला. चपला होत्या. रबरी, प्लास्टिकच्या, निळ्या, गुलाबी, अंगठा तुटलेल्या, शेवाळ धरलेल्या. काठाला, बांधावर, गाळात कुणाकुणाच्या सुटलेल्या. पाण्यावर तरंगत तरंगत इथं येऊन बसलेल्या. पाणी काय, कचरा कोपऱ्यात लोटतंच. घरात झाडताना आपणही तेच करतो. मी स्वतःला हे सगळं समजावलं.

"तुझी शोधू या," शिवानी हसत म्हणाली आणि खाली बसून एकेक उचलायला लागली. "ही? नको, ही बाप्याची. ही?" तिनं दोन-तीन बाजूला ठेवल्या. मग तिचा हात हळू झाला.

"आज्जी, यात जोडी एकही नाही."

तिनं एक छोटासा बूट उचलला. नुकती चालायला लागलेली लेकरं घालतात तसला, पाऊल टाकलं की चू चू वाजणारा. तिनं टाच दाबली. तो वाजला नाही. त्यातून फक्त थोडं काळं पाणी आलं आणि तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

आमच्या गावात एक बोलण्याची पद्धत आहे. तळ्यात कुणाचं जनावर गेलं, कधी कुणाचं माणूस गेलं, तर बुडालं असं म्हणत नाहीत. तळ्यानं ठेवून घेतलं म्हणतात. पाहुण्याला आग्रहानं ठेवून घ्यावं तसं. मी हे शिवानीला सांगणार होते, पण नाही सांगितलं. माझ्यासारख्या बोलक्या बाईनं न सांगितलेल्या फार थोड्या गोष्टी आहेत, त्यातली ती एक.

"चल," मी म्हणाले. तिनं बूट जिथं होता तिथं, अगदी तसाच, परत ठेवला.

बाहेर आलो तर वारा सुटला होता. वळवाच्या आधी सुटतो तसला, दिशा नसलेला. आकाशात ढग नव्हते, नुसता पिवळटपणा होता, आणि तळ्याच्या कोरड्या अंगावरून धुळीच्या भिंती इकडून तिकडं चालल्या होत्या. खाली उतरताना शिवानी माझा हात धरून होती. पण सपाटीला लागल्यावर ती भरभर चालायला लागली. कोपरापर्यंतचं ते पाणी ती सारखी ओढणीला पुसत होती. तिला त्या जागेपासून लांब जायचं होतं, आणि तरुण माणसाला लांब जायचं असतं तेव्हा ते वेगानं जातं. मी मागं पडले. नंदीपर्यंत दगड होते, म्हणून मी तिला हाक मारली नाही.

धुळीची एक लाट आली. डोळे पुसून बघते तर शिवानी नंदीच्या पलीकडं पोचलेली. मी लेंड्यांची वाट शोधली. वाऱ्यानं ती पुसून नेली होती. मेंढरं कधी इकडून गेलीच नव्हती, अशी कोरी जमीन. आणि शिवानी थांबून खाली बघत होती. मला लांबूनही कळलं ती काय बघतेय. तिला दगड दिसला होता. गाळातून डोकं काढलेला जुन्या वाटेचा दगड, त्याच्या पुढं दुसरा. तिसरा दिसत नव्हता, पण असेलच की. आज्जीनं सांगितलं होतं. दगड सोडायचा नाही. दगड कितीही लांबून नेऊ दे.

तिनं ओढणी कमरेला खोचली आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला. मग दुसऱ्यावर. शहाण्यासारखी, तोल सांभाळत. माझ्या गोष्टीतल्या त्या टवळीसारखी मुळीच नाही.

मला ओरडायचं होतं, थांब. साधा शब्द आहे. माझ्या आईनं शिकवलेला, येडशीच्या स्टेशनवर रूळ ओलांडताना हजारदा ऐकलेला. तो आलाच नाही. तोंड उघडलं आणि अव्वा बाहेर पडल्या.

"तडी. तडी."

आवाजसुद्धा माझा नव्हता. फाटलेला, काठावरून आल्यासारखा. आणि तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय केलं. तिला मराठी येतं. तिला काठ समोर दिसतोय.

शिवानीचा पाय उचललेला होता. पुढं, तिसऱ्या दगडाच्या जागी, छान वाळलेली, तडे गेलेली जमीन होती. वाऱ्यानं तिची ओढणी कमरेतून सुटली आणि त्या जमिनीकडं उडायला लागली. ती एका पायावर, त्या दुसऱ्या दगडावर, बगळ्यासारखी उभी राहिली. मान मागं वळवली.

"कुठली, आज्जी?" ती ओरडली. "मराठी का कानडी?"

नवी नवरी असताना मला हे विचारायचं सुचलं नव्हतं. अव्वा दोन्ही हात वर करून ओरडत होत्या आणि मी एकदाही विचारलं नाही, अव्वा, कुठली? एवढं विचारायला थांबावं लागतं, आणि थांबले असते तरी पुरलं असतं.

"कानडी," मी म्हणाले.

तिनं उचललेला पाय हळूच मागं घेतला.

मी तिच्यापर्यंत पोचायला खूप वेळ लावला. गुडघे चर्चा न करता चालले होते, तरीही. तोवर ती आल्या दगडांवरून नंदीपाशी परत आली होती. त्याच्या पाठीला टेकून मी श्वास घेतला आणि तिला मशीनचं, उकरलेल्या वाटेचं, बसलिंगचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि समोरच्या जमिनीकडं बघत होती. ऊन, धूळ, पापडासारखे तडे. कुठं काही वेगळं दिसत नव्हतं.

"पण हे तर कोरडं आहे," ती म्हणाली.

तिनं वाकून मुठीएवढा एक दगड उचलला आणि पुढं टाकला, जिथं तिचा पाय पडणार होता तिथं. दगड जमिनीवर पडला असं आम्ही बघितलं. पडल्याचा आवाज आला नाही. तडे दोन्ही बाजूंनी जरा हलले, मधे एक काळं तोंड उघडलं आणि जेवण झाल्यासारखं मिटलं. वर एक बुडबुडा आला, फुटला नाही.

टिटवी गप्प झाली होती. आम्ही दोघी त्या बुडबुड्याकडं बघत उभ्या होतो.

शिवानीचा हात माझ्या हातात होता, गार, नंदीच्या कपाळासारखा. दुसऱ्या हातानं तिनं आणखी एक दगड उचलला. का, ते तिलाही ठाऊक नसावं.

"अजून एक टाकू?"

"साक," मी म्हणाले.

तिनं दगड खाली ठेवला.